पाचशे कोटी

डबीवर छापलंय, एका कॅप्सूलमध्ये पाचशे कोटी.
ह्यांनी चष्मा सारखा करून दोनदा वाचलं,
हिरवा ठिपका शोधला, सापडला,
मग विचारलं, "जित्ते हायत?"
"जित्तेच. म्हणून तर फ्रिजात ठेवायचेत."

झालं.
डबी टेबलाच्या माझ्या बाजूला सरकली.

सत्तर वर्षं पाणी गाळून प्यालेला माणूस.
गावाकडं विहीर होती तेव्हा
गाळण्यात अडकलेलं दिसत नसलं तरी
कापड उलटं करून परत विहिरीत सोडायचा.
तो आता उपाशीपोटी
पाचशे कोटी गिळणार?

मिरजेच्या डॉक्टरबाईंनी आधी हाताकडं बघितलंच नाही.
पोट साफ होत नाही, कधीपासून?
हे गप्प. मीच सांगितलं,
धाकटीच्या लग्नाआधीपासून. म्हणजे चौदा वर्षं.
आणि वास?
तेव्हा हे हळू म्हणाले,
"त्याला धा झाली."

मला माहीत नव्हतं.
फाल्गुनात मार्केट यार्डाकडून वारा आला
की अख्खी सांगली खोकते,
आणि हळदीचा अडत्या, माझा नवरा,
धा वर्षं कांडी मोडून, तिचा टणत्कार ऐकून,
नखानं खरवडून माल पारखत होता.
एकदाही फसला नाही.
मलाच फसवत होता,
"आज आमटी झक्कास वास मारतीय" म्हणून.

हात थरथरला तो सगळ्यात शेवटी.
पोटानं दुकान कधीच बंद केलं होतं.
आम्ही मात्र त्याला एरंडेल पाजत बसलो.

आता ताटाभोवती घड्याळ.
गोळी आणि जेवण यांच्यात अर्धा तास, डाळ-दूध लांब.
तारदाळकर वहिनींचं दूध-तूप म्हणून परत गेलं.
पुतण्यानं खाजकुहिलीची पूड आणली,
ह्यातबी त्येच औषध आसतंय काकू, म्हणाला.
डॉक्टरबाईंनी पुडी मिटून त्याच्याच हातात दिली.
किती असतंय ते मोजता येत नाही, म्हणाल्या,
गोळीवर गोळी होईल.
इसबगोल तेवढा राहिला.
पेला हातात धरला की आपोआप ढवळला जातो.
"चमचा वाचला," हे म्हणतात,
आणि हसायला चेहरा साथ देत नाही
म्हणून मी दोघांच्या वाटणीचं हसते.

डबीचं मात्र घोडं अडलेलंच.
मी म्हटलं, मारताय कुठं, आसरा देताय. धर्मशाळा समजा.
"निम्मे दारातच मरतील. आम्लात."
एवढं कुठून वाचलं कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी मी सकाळी विरजलेलं दही
वाटीत घालून पुढं ठेवलं.
विचारलं, ह्यात काय असतं हो?
पन्नास वर्षं वाढतेय.

बराच वेळ वाटीकडं बघत राहिले.
मग म्हणाले,
"दह्यावर आकडा नसतो."

अडत्याच तो. आकड्याला घाबरणारा.
मी डबीवरचं लेबल नखानं खरवडून काढलं.
दिवस मावळायच्या आत, डोळे मिटून,
ओठ हलवून त्यांनी कुणाकुणाची क्षमा मागितली
आणि गिळलं.

काही झालं नाही. सहा दिवस काहीच नाही.
सातव्या दिवशी न्हाणीघरातून बाहेर आले,
खांद्यावरचा पंचा काढला,
माझ्या हातावर टाकला
आणि आत स्वतःचा हात घातला.
पूर्वी लिलावात घालायचे तसा.
बाहेरच्याला कळू नये अशी
बोटांनी बोटं दाबत भाव सांगायची ती रीत,
मला कधी शिकवली नव्हती.

चार बोटं दाबली. की तीन?
हात थरथरतोय, आकडा बदलतोय,
तीन, पाच, परत चार.
"किती म्हणालात?"
"तू सांग."

पंचा अजून हातावर आहे.
चहा उतू गेला, तो मला वासानं कळला.
त्यांना माझ्या तोंडाकडं बघून.